पुरावा मराठवाड्याचा, लाभ जगाचा

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. त्यांचे चार गट केले. पहिल्या गटात गर्भाशयाच्या मुखाशी कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू आहे का, हे तपासलं गेलं. दुसऱ्या गटाची पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, झाली. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिडचं पातळ द्रावण लावून पांढरा डाग उमटतो का, हे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं गेलं. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळत राहिली. त्या काळी नेहमीच्या सेवेत अशी तपासणी नव्हतीच, त्यामुळे या गटाची तपासणी झाली नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या होत्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्यावर पोचलेला आजार पहिल्या गटात ३९ जणींमध्ये आढळला, चौथ्या गटात ८२ जणींमध्ये. आयुष्यात एकदा झालेल्या एका चाचणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा केला होता. पॅप तपासणी आणि नजरेची तपासणी यांच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

हा निकाल जगाने उचलून धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली: वयाच्या तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी एकदा. ही शिफारस ज्या अभ्यासांवर उभी आहे, त्यांत धाराशिवच्या बायकांचा वाटा मोठा आहे. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत याच उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. लातूरकडच्या औसा आणि निलंग्याच्या कितीतरी मुली धाराशिवकडच्या उमरगा-लोहाऱ्यात दिलेल्या आहेत. म्हणजे हा पुरावा परदेशातून आलेला नाही, आपल्याच सोयऱ्यांच्या घरातून गेलेला आहे. चौथ्या गटाची तपासणी न करण्यावरून पुढे जगभर नैतिक वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तो वाद कुठल्याही बाजूने सुटला तरी त्या ६४ मृत्यूंचं ऋण शिल्लक राहतं. ज्या प्रदेशातल्या बायकांनी हे ज्ञान मिळवून दिलं, तिथे तरी ते वापरलं जायला हवं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नांदेड-लातूरकडे कर्करोगाचा धोका कमी करण्याचं ज्ञान कमी नाही. ते हाताशी आहे, स्वस्त आहे आणि बरंचसं इथल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. कमतरता आहे ती यादी करून, दारोदार जाऊन, नाव लिहून पाठपुरावा करणाऱ्या कामाची. या कामाला ना उद्घाटन असतं ना फीत, म्हणून ते कुणी मागत नाही आणि कुणी करतही नाही.

हे काम कसं असतं, तेही आपल्या शेजारीच पाहायला मिळतं. १९८७ साली बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो आणि नोंद होते. खेड्यात तो आधी अंगारा, मग ओळखीचा डॉक्टर, मग 'सुगी झाल्यावर बघू' असं करत घरीच राहतो. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, कुणाला काय त्रास आहे ते विचारलं आणि रुग्ण शोधून काढले. काही वर्षांत असं दिसलं की या नुसत्या जाण्या-येण्याने आणि सांगण्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. तिथे ना महागडं यंत्र होतं ना नवं औषध. माणूस पुन्हा पुन्हा दारात येत राहिला, एवढंच घडलं होतं.

आता आजचं चित्र पाहू. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिशीपुढच्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असं त्यात म्हटलं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. तोंडाच्या तपासणीचा आकडा एक टक्क्याच्या आसपास. देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक त्याने दगावतात. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. इतकी मुदत देणारे आजार फार नाहीत. तरी ही मुदत आपण वाया घालवतो.

कागदावरची योजना जमिनीवर का उतरत नाही, हे पाहायचं तर आशाताईच्या मागे एखाद्या ओसरीवर जाऊन उभं राहावं. तिच्या हातात फॉर्म आहे. तंबाखू खाता का, तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात दोन आठवडे न भरलेली जखम आहे का, छातीत गाठ आहे का, पाळी नसताना रक्त जातं का, अंगावरून वास येणारं पांढरं जातं का? प्रश्न नेमके आणि योग्य आहेत. पण समोर सून उभी आहे, शेजारी सासू तांदूळ निवडतेय आणि बाजेवर दीर मोबाइल पाहतोय. सून प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणते. आशाताईलाही ते 'नाही' कळतं. पण तिला अजून घरं करायची आहेत, आणि 'हो' आलं तर त्या बाईला नेमकं कुठे पाठवायचं, तिथे त्या दिवशी तपासणारं कुणी असेल का, याची तिलाच खात्री नाही. फॉर्म भरला जातो आणि तपासणी राहून जाते.

या मोकळ्या जागेत काय घुसतं, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यातल्या अनेकींनी जे सांगितलं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात ऐकू येतं: पोटात दुखायचं, अंगावरून जायचं, डॉक्टर म्हणाले पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पांढरं जाण्याची बहुतेक कारणं साध्या जंतुसंसर्गाची असतात आणि औषधाने बरी होतात. एक चाचणी केली असती तर या बायकांपैकी बहुतेकींना भीतीचं कारण नाही, हे कळलं असतं. चाचणी नव्हती, भीती मात्र होती. कोयत्यावर गेल्यावर एका खाड्याचा दंड बसतो, म्हणून पाळीची कटकट एकदाची संपवावी, हा हिशेबही होता. उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळ्या लातूर-नांदेडमधूनही निघतात, त्यामुळे ही बीडचीच गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. कर्करोगाची भीती आपल्याकडे भरपूर आहे. तिच्यावर धंदा उभा राहिला, आरोग्यसेवा उभी राहिली नाही.

तंबाखूचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण इथे तपासणीच्या आधीच धोका टाळता येतो. राज्यातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, असं २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आढळलं. धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचा धोका धुरात कमी आणि गालफडात जास्त आहे. सिनेमातली इशारेवजा पाटी सिगारेटच्या दृश्यावर झळकते. गावातली बाई मिश्री लावते, तिच्यापर्यंत ती पाटी पोचत नाही.

मिश्री ही घरात तयार होणारी वस्तू. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, पूड डबीत भरायची. सकाळी उठल्यावर बोटाने ती हिरड्यांना लावायची, थोडा वेळ चूळ न भरता बसायचं. सुरुवात दातदुखीने होते. मग पोट साफ होत नाही म्हणून, मग डोकं जड वाटतं म्हणून, मग खुरपायला जाताना, मग बाळंतपणातही. पोरगी आईच्या डबीत बोट घालते तेव्हा कुणी तिला ओरडत नाही, कारण घरात कुणी त्याला व्यसन म्हणतच नाही. तीच गोष्ट पुरुषांच्या तंबाखू-चुन्याची. तळहातावर मळायचा, थाप मारून भुकटी उडवायची, बार गालात धरायचा आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. उन्हात उपाशीपोटी राबणाऱ्या माणसाला तंबाखू सोडण्याचा उपदेश करणं सोपं आहे. तंबाखू त्याच्या भुकेचं आणि थकव्याचं काम करते, हे लक्षात घेतल्याशिवाय तो उपदेश त्याच्या कानात शिरणार नाही. सोडू पाहणाऱ्याला पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, हात खिशाकडे जातो. त्या दिवसांत त्याला कुणाचा तरी आधार लागतो. त्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, पण पुडी फोडताना तो वाचतो कोण?

गुटख्याची कथा आणखी बोलकी आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये बंदी आणली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि ती दरवर्षी वाढवली जाते. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा हे सगळे सीमेवरचे तालुके. पलीकडे तेलंगण आणि कर्नाटक. वर्तमानपत्रात गुटख्याचा टेम्पो पकडल्याची बातमी नाही असा महिना क्वचित जातो, आणि तरीही बसस्थानकाजवळच्या टपरीवर पुडी मागितली की मिळते. बंदीने पुडी महाग केली आणि लपवली, गालातून काढली नाही. शिवाय जे गुटख्याला घाबरले ते माव्याकडे वळले. 'नुसती सुपारी आहे, त्यात काय' असं म्हणणारे सुशिक्षित लोकही भेटतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकलं आहे. सुपारीने गालाच्या आतलं कातडं घट्ट होत जातं आणि तोंड उघडायचं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा अथवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवा. दाखवायचं सोडून, तिखट झोंबतं म्हणून भाकरी दुधात कुस्करून खाणारे कितीतरी लोक आपल्या पाहण्यात असतात.

इथे एक आक्षेप हमखास येतो. 'तंबाखूचं काय घेऊन बसलात? आमचा आजा नव्वदीपर्यंत बार भरत होता. कॅन्सर वाढला तो हायब्रीड खाण्याने आणि फवारणीने.' आजोबांचं उदाहरण खरं असेल, पण ते वाचले म्हणून नातू वाचेल असं नाही. पुराच्या पाण्यातून गाडी काढणारे सगळेच वाहून जात नाहीत, तरी पुलावर पाणी असताना कुणी लेकराला पुढे जा म्हणत नाही. फवारणीचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकलं गेलं. सोयाबीन आणि कापसाच्या पट्ट्यात उघड्या अंगाने पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला हातमोजे, मास्क, पूर्ण कपडे आणि काम संपल्यावर आंघोळीला पाणी मिळालंच पाहिजे. हा त्याचा हक्क आहे आणि ती शेतमालकाची जबाबदारी आहे. पण दोन धोक्यांपैकी एकाबद्दल संशय आहे आणि दुसऱ्याबद्दल खात्री, तेव्हा संशयाच्या आडून खात्रीचा धोका खिशात बाळगणं ही स्वतःशीच केलेली लबाडी झाली. फवारणीवर आपण बोलतो कारण तिथे दोष कंपनीचा असतो. तंबाखूवर बोलायचं तर घरात बोलावं लागतं.

लसीच्या बाबतीतही मराठवाड्याच्या वेशीवर इतिहास घडला आहे. २००९ मध्ये भारतात अनेक केंद्रांवर मुलींना एचपीव्ही लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक केंद्र होतं. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहायचं होतं. त्याच सुमारास खम्मम आणि वडोदऱ्याच्या दुसऱ्या एका लस-प्रकल्पात मुलींच्या संमतीवरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच लसीकरण थांबवलं. बार्शीसह सगळ्या केंद्रांवरच्या हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. पुढे त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, आणि एक मात्रासुद्धा टिकून राहणाऱ्या संसर्गापासून जवळपास तितकंच संरक्षण देते, असं २०२१ मध्ये समोर आलं. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक' या लसीला परवानगी मिळाली. संमतीचा तो वाद खोटा नव्हता. आदिवासी वसतिगृहातल्या मुलींसाठी अधीक्षकाने सही करणं चूकच होतं. त्यातून घ्यायचा धडा मात्र आईबापांना नीट सांगून, त्यांची सही घेऊन लस देण्याचा होता. आपण वर्षानुवर्षं लस न देण्याचा धडा घेतला.

लातूर आणि नांदेडमध्ये हजारो मुली शिकवणी वर्गांसाठी घर सोडून राहतात. त्यांच्या मागे आईबाप वर्षाला लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त खर्च करतात, कुणी त्यासाठी शेत गहाण टाकतं. मुलीच्या रसायनशास्त्राच्या गुणांची जेवढी चौकशी होते, तेवढी तिच्या लसीची कधी झाली आहे? लस नऊ ते चौदा या वयात सर्वांत उपयोगी, पण पुढेही देता येते. 'लग्नाआधी कशाला असली लस' हा प्रश्न घराघरात येतो. त्याचं उत्तर हेच की लग्नाआधी, विषाणूशी संबंध येण्याआधी दिली तरच ती पुरतं काम करते. आणि मुलीचं लग्न अठराच्या आत उरकून देणाऱ्या, विशीच्या आत तिला आई करणाऱ्या घरांनी हेही ऐकावं की लहान वयातलं पहिलं बाळंतपण आणि पाठोपाठची बाळंतपणं या कर्करोगाचा धोका वाढवतात.

मग सरकार काहीच करत नाही का? करतं, पण आजार झाल्यावर. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. आज महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार होतात, आणि अनेक कुटुंबं त्यामुळे उद्ध्वस्त होण्यापासून वाचली, हे मान्य करायलाच हवं. पण या योजनेची रचना अशी की रुग्ण दाखल झाला तरच दवाखान्याला पैसे मिळतात. एखाद्या गावातल्या सगळ्या बायकांची चाचणी करून कर्करोग होऊच दिला नाही, तर त्याचं बिल कुणाच्या नावाने काढायचं? तोंडाचा चौथ्या टप्प्यातला रुग्ण देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जातो, तेव्हा त्याच्या खर्चाचा हिशेब लागतो. त्याचा चट्टा दहा वर्षांपूर्वी गावात कुणी पाहिला असता तर जे वाचलं असतं, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. उपचारांवरचा खर्च कमी करा असं मी म्हणत नाही. त्याच्या एका लहानशा भागाइतका खर्च आधीच्या दहा वर्षांवर करा, एवढंच म्हणतो.

यंत्रणेला जमणार नाही, असंही म्हणता येत नाही. पोलिओच्या रविवारी वीटभट्टीवरचं, फडावरचं, पालातलं पोर शोधून त्याच्या बोटावर शाई लावणारी हीच यंत्रणा होती, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात आणि तहानलेल्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणताना शासन हललं, कारण संकट एका दिवशी आणि सगळ्यांसमोर आलं होतं. कर्करोग एकेक घर निवडून येतो, म्हणून तो बातमी होत नाही. पोलिओही शेवटी शेवटी बातमी उरला नव्हता, तरी यादी चालू राहिली. इथे तेच हवं आहे.

काय करायचं, ते कठीण नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राकडे तिशीपुढच्या बायकांची नावनिशीवार यादी असावी आणि प्रत्येकीची एकदा तरी एचपीव्ही चाचणी व्हावी. या चाचणीचा नमुना बाईला स्वतः घेता येतो. ओसरीवर सासूसमोर न देता येणारं उत्तर ती आडोशाला जाऊन एका ब्रशने देऊ शकते. चाचणीत विषाणू आढळला तर पुढची तपासणी आणि उपचार कोणत्या वारी, कुठे, हे त्या दिवशीच ठरलेलं असावं. लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय यांनी तालुके वाटून घेतले तर हे अवघड नाही. शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलींना पालकांच्या लेखी संमतीने लस मिळावी. आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याने तोंडं तपासावीत, कारण शेतकरी त्याच दिवशी तालुक्याला येतो. गुटख्याच्या टेम्पोसोबत त्याच्या मालकावरही गुन्हा टिकावा. आणि जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या आराखड्यात या सगळ्यासाठी स्वतंत्र रक्कम दिसावी.

जगभरच्या कर्करोगांपैकी तीस ते पन्नास टक्के टाळता येण्यासारखे आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाकीचे नशिबाचे असतील. पण जे टाळता येण्यासारखे होते, ते होऊ देऊन त्यांनाही 'भोग' म्हणणं हा आळस आहे, आणि तो आळस शासनाचा आहे तितकाच आपलाही आहे. येत्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ता आणि समाजमंदिर यांच्या आधी एक प्रश्न विचारा: आमच्या केंद्रातल्या किती बायकांची एचपीव्ही चाचणी झाली आहे? आकडा सांगता आला नाही, तर मताचा विचार पुन्हा करा. आणि तो उमेदवार येईपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईला विचारा, तुझी तपासणी झाली आहे का.